गोळी आणि मलमपट्टी : कोरियन ‘नव्या कथे’तील सुधारणा व साम्राज्य

प्रबोधनकाळातील साहित्याचे मूल्यमापन करताना जमाखर्च मांडण्याची एक सोयीची पद्धत समीक्षेत रूढ झालेली दिसते. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार, जन्मजात श्रेणींचा निषेध, लोकांच्या भाषेतील गद्य या गोष्टी जमेच्या बाजूस लिहावयाच्या. परकीय सत्तेची भलामण, स्वजनांविषयीची तुच्छता, उसन्या विचारांची झळाळी या खर्चाच्या बाजूस. आणि तळाशी जी शिल्लक राहील तिच्यावरून कृतीला पुरोगामी किंवा शरणागत असे नाव द्यावयाचे. कृतीतील सुधारणावादी आशय आणि साम्राज्यधार्जिणा आशय हे दोन वेगळे जिन्नस असून एक निवडून घेऊन दुसरा टाकून देता येतो, असे गृहीतक या पद्धतीमागे असते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कोरियन कथात्म साहित्याने हे गृहीतक फार अडचणीत आणले आहे. तेथे सुधारणा आणि साम्राज्य हे कृतीतील शेजारी नाहीत. कथानक पुढे सरकते ते त्यांच्या एकत्र गतीने.

यी इन-जिक याची ‘ह्यॉलुइ नू’ (‘रक्ताचे अश्रू’) ही कादंबरी २२ जुलै ते १० ऑक्टोबर १९०६ या काळात ‘मान्सेबो’ या सोलच्या दैनिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. कोरियन वाङ्मयेतिहासात ‘शिन्सोसॉल’, म्हणजे नवी कथा, या प्रकाराचा आरंभ सामान्यतः तिच्यापासून मानला जातो. कथा १८९४ च्या सप्टेंबरात प्याँगयाँग येथे चीन आणि जपान यांच्या सैन्यांत झालेल्या लढाईने सुरू होते. पळापळीत ओंगन्यॉन ही सात वर्षांची मुलगी आईवडिलांपासून दुरावते, आणि तिला गोळी लागते. तिला वाचवतो तो इनोऊए नावाचा जपानी लष्करी डॉक्टर. जखम तपासताना तो जे अनुमान काढतो ते या कादंबरीच्या अंतरंगात शिरण्याचा सर्वांत जवळचा रस्ता आहे. गोळी चिनी असती तर तिच्यातील विषाने मुलगी केव्हाच दगावली असती. सुदैवाने ती जपानी आहे, म्हणून जखम सहज भरून येईल.

हा परिच्छेद जपानधार्जिण्या प्रचाराचा नमुना म्हणून अनेकदा उद्धृत झाला आहे, आणि तसा तो आहेच. पण त्याला केवळ प्रचार म्हणून बाजूला सारले की त्याची रचना नजरेआड होते. गोळी झाडणारे सैन्य आणि मलमपट्टी करणारे सैन्य एकच आहे. आणि निवेदकाला यात विसंगती दिसत नाही, उलट एक प्रकारचा दिलासा दिसतो. जखम केली कोणी, हा प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच जखम कोणत्या प्रतीची, हा प्रश्न येऊन त्याची जागा घेतो. पुढे मुलगी ओसाकाला इनोऊएच्या घरी जाते, जपानी शाळेत शिकते, तेथून अमेरिकेला पोहोचते, आणि शेवटी कोरियन स्त्रियांच्या शिक्षणाचे व हक्कांचे कार्य करण्याचा निश्चय करते. ही सारी साखळी त्या एका गोळीपासून निघते. गोळी लागली नसती तर ओंगन्यॉन शिकली नसती. कादंबरीच्या कार्यकारणभावातच साम्राज्य बसलेले आहे. ते वगळले तर उरते ती सुधारणा नव्हे, उरते ती प्याँगयाँगमधील एक निरक्षर मुलगी.

या कार्यकारणभावाला इतिहासात आधार नव्हता असे नाही, आणि येथेच मूल्यमापन कठीण होते. १८७६ च्या कांगह्वा तहाने जपानने कोरियाची बंदरे उघडवली. १८८४ मध्ये किम ओक-ग्युन आणि त्याच्या तरुण सहकाऱ्यांनी जपानी वकिलातीच्या भरवशावर सत्ता हस्तगत केली. त्यांचे सरकार तीन दिवस टिकले आणि चिनी फौजेने ते मोडून काढले. १८९४ च्या २३ जुलैला जपानी सैन्याने क्याँगबोक राजवाडा ताब्यात घेतला, आणि त्यानंतर काही दिवसांतच स्थापन झालेल्या मंत्रणामंडळाने ‘काबो सुधारणा’ म्हणून ओळखले जाणारे ठराव करण्यास सुरुवात केली. अभिजन आणि सामान्य हा श्रेणीभेद रद्द झाला, गुलामगिरी संपली, शतकानुशतके चालत आलेली राज्यपरीक्षा बंद झाली, बालविवाहाला बंदी आणि विधवेला पुनर्विवाहाची मुभा मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस राजाज्ञा चिनी लिपीऐवजी हंगुलच्या आधाराने काढाव्यात असे ठरले. एवढे मोठे परिवर्तन एवढ्या थोड्या अवधीत, आणि तेही परक्या संगिनींच्या सावलीत, क्वचितच कोणत्या समाजाने पाहिले असेल. मराठी वाचकाला येथे ‘आधी सामाजिक की आधी राजकीय’ या आगरकर-टिळक वादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु ते साम्य फार ताणता येत नाही. महाराष्ट्रात तो वाद झाला तेव्हा परकीय राज्य स्थिरावून दोन पिढ्या लोटल्या होत्या. कोरियात सुधारणेचा ठराव आणि राजवाड्याचा पाडाव एकाच महिन्यातले आहेत. कोणते आधी, हा प्रश्न तेथे विचारण्यास वेळच मिळाला नाही.

यानंतरचा घटनाक्रम ओळखीचा आहे. ऑक्टोबर १८९५ मध्ये जपानी मारेकऱ्यांनी राणीची हत्या केली, वर्षअखेरीस पुरुषांनी शेंडीचा बुचडा कापावा अशी आज्ञा निघाली, आणि दोहोंच्या संतापात सुधारणांचीच बदनामी झाली. फेब्रुवारी १८९६ मध्ये राजा रशियन वकिलातीत आश्रयाला गेला आणि सुधारक मंत्रिमंडळाचा प्रमुख किम होंग-जिप जमावाच्या हातून मारला गेला. १९०५ च्या तहाने परराष्ट्रव्यवहार जपानकडे गेला. ‘ह्यॉलुइ नू’ त्यानंतरच्या वर्षीची आहे. लेखक टोकियोत शिकलेला होता. रशिया-जपान युद्धात जपानी सैन्याचा दुभाषी होता. पुढे पंतप्रधान यी वान-योंग याचा विश्वासू म्हणून १९१० च्या विलीनीकरणापूर्वीच्या गुप्त बोलण्यांत त्याने भाग घेतला. या चरित्राचा दाखला देऊन कादंबरी निकालात काढणे सोपे आहे. पण चरित्रापेक्षा संहितेचे मौन अधिक बोलके आहे.

१८९४ हे वर्ष कोरियन इतिहासात केवळ चीन-जपान युद्धाचे वर्ष नाही. त्याच वर्षी दक्षिणेकडील छॉल्ला प्रांतात तोंगहाक पंथाच्या झेंड्याखाली शेतकऱ्यांनी बंड केले होते. भ्रष्ट अधिकाऱ्यांना शासन करा, गुलामांचे दस्तऐवज जाळा, तरुण विधवांना पुनर्विवाह करू द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या असे परंपरा सांगते. बारा कलमांची ती प्रसिद्ध यादी १९४० साली छापलेल्या एका अनुयायाच्या ग्रंथातून आली असल्यामुळे तिच्या शब्दशः विश्वसनीयतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु श्रेणीव्यवस्थेविरुद्धचा रोष खालून उसळत होता, आणि काबो ठरावांतील काही कलमे त्या रोषाला उत्तर म्हणूनही लिहिली गेली, याविषयी फारसे दुमत नाही. वर्षाच्या उत्तरार्धात शेतकरी जपान्यांविरुद्ध पुन्हा उठले आणि कोंगजूजवळील उगुमछी खिंडीत आधुनिक बंदुकांसमोर कापले गेले. अर्थात सुधारणेला एक देशी उगम होता आणि ज्या सैन्याच्या आश्रयाने वरून ठराव झाले त्याच सैन्याने खालचा तो उगम बुजवला.

‘ह्यॉलुइ नू’ १८९४ मध्येच सुरू होते. तिच्यात तोंगहाकचे नाव नाही. प्याँगयाँग उत्तरेस आहे आणि बंड मुख्यतः दक्षिणेस झाले, असे त्याचे समर्थन करता येईल. पण भूगोलाने हे मौन समजत नाही. कारण तोंगहाकची भाषा कादंबरीत आलेली आहे. ओंगन्यॉनच्या आजोबांचा नोकर माक-दोंग आपल्या धन्याला एका ठिकाणी सरळ सुनावतो की देश बुडाला तो तुम्हा अभिजनांमुळे. सामान्य माणसाचा पैसा, त्याची बायको, त्याचा जीव यांतले काहीच त्याचे स्वतःचे नाही. संपूर्ण कादंबरीतील राजकीय दृष्ट्या सर्वांत धारदार असे हे भाषण आहे. आणि ते एका नोकराच्या तोंडी येऊन तेथेच विरते. माक-दोंगच्या बोलण्याने कथानकात काही घडत नाही, कोणी बदलत नाही. कथेला त्याचे काय करावे ते ठाऊक नाही. शिक्षणासाठी परदेशी जातो तो अभिजन बाप, किम ग्वान-इल, आणि त्याची मुलगी. ज्याला अन्यायाची भाषा अवगत आहे त्याला आगबोटीचे तिकीट मिळत नाही.

विधवेच्या पुनर्विवाहाचा प्रश्न तर आणखी चमत्कारिक रीतीने कादंबरीत येतो. काबो ठरावांतील हे एक ठळक कलम. १९०६ च्या वाचकाला ते माहीत असणारच. पण कादंबरीतील विधवा कोरियन नाही. इनोऊए युद्धात मरण पावतो, त्याच्या पत्नीच्या मनात पुनर्विवाहाचा विचार येतो, आणि सांभाळायला घेतलेली परकी मुलगी आड आल्यामुळे ती तिचा दुस्वास करू लागते. त्या छळाला कंटाळून ओंगन्यॉन जीव देण्यास निघते. सुधारणेचे एक कलम असे ओसाकाच्या घरात, जपानी स्त्रीच्या गैरसोयीच्या रूपाने प्रकट होते. उपकारकर्त्याचे घर कायमचे आश्रयस्थान होऊ शकत नाही, हे कथानकाला कळले आहे, जरी निवेदकाला ते मान्य करता आलेले नाही. प्रचारक लेखकाच्या कादंबरीतही कथनाची स्वतःची एक बुद्धी असते. या प्रकरणात ती लेखकाच्या पुढे गेलेली दिसते.

आत ज्याविषयी मौन आहे तेच बाहेर छापखान्यात उभे आहे. ‘मान्सेबो’ हे छॉन्दोग्यो धर्माचे दैनिक होते, आणि छॉन्दोग्यो म्हणजे १९०५ च्या अखेरीस नवे नाव धारण केलेला तोंगहाक. या धर्माचा प्रमुख सोन ब्यॉंग-ही हा १८९४ च्या दुसऱ्या उठावात स्वतः शेतकऱ्यांच्या सैन्यासह लढलेला होता. दरम्यानच्या दशकात त्याने जपानमध्ये आश्रय घेतला, सभ्यता आणि सुधारणा यांची नवी परिभाषा आत्मसात केली; १९०४ मध्ये त्याच्या हजारो अनुयायांनी बुचडे कापले; त्यांच्यातील एक मोठा गट जपानसमर्थक ‘इल्जिनहे’ या संघटनेत विलीन झाला, आणि १९०६ मध्ये त्या गटाच्या नेत्याला पंथातून काढून टाकण्याची वेळ सोनवर आली. पराभूत शेतकऱ्यांच्या वारसदारांच्या पैशाने चालणाऱ्या वृत्तपत्रात, त्यांच्याच पराभवाच्या वर्षाची गोष्ट, त्यांचा उल्लेख न करता छापली गेली. याला विश्वासघात म्हणण्यात फारसा अर्थ नाही. पराभूतांनी स्वतःच्या भूतकाळाकडे विजेत्याच्या शब्दांतून पाहण्यास सुरुवात केली होती, एवढेच यावरून दिसते. आणि वृत्तपत्रीय कादंबरी हे त्या पाहण्याचे नवे साधन होते.

हे साधन कोणत्या लिपीत बोलत होते, हाही प्रश्न येथे गौण नाही. सॉ जे-पिल याने ७ एप्रिल १८९६ रोजी काढलेल्या ‘तोंग्निप शिन्मुन’ने केवळ हंगुलमध्ये, शब्दांमध्ये मोकळी जागा सोडून छपाई केली होती, स्त्रिया आणि सामान्यजन यांना वाचता यावे हा त्यामागचा घोषित हेतू होता. लिपीच्या लोकशाहीकरणात या पत्राचे स्थान निर्विवाद आहे. तेच पत्र बंडखोर शेतकऱ्यांना आणि जपानविरोधी स्वयंसैनिकांना लुटारू म्हणत असे, हेही तितकेच खरे. लिपी खुली झाली याचा अर्थ ती लिहिणाऱ्याची सहानुभूती खुली झाली असा होत नाही. ‘मान्सेबो’ने याहून वेगळी वाट धरली. तेथे ‘ह्यॉलुइ नू’ चिनी अक्षरांत आणि प्रत्येक अक्षराशेजारी बारीक हंगुल अशा जोडपद्धतीने छापली गेली. ही पद्धत जपानी वृत्तपत्रांतून उचललेली होती. १९०७ मध्ये पुस्तक निघाले तेव्हा चिनी अक्षरे गळून पडली आणि शेजारची हंगुल हीच मुख्य संहिता झाली. आधुनिक कोरियन गद्याचा एक आरंभबिंदू असा जपानी छपाईच्या समासातून मध्यभागी आलेला आहे. शीर्षकातही ही खूण राहिली. ‘ह्यॉलुइ नू’ ही षष्ठीची मोडणी कोरियनपेक्षा जपानी वळणाची आहे, असे कोरियन अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे.

भाषेच्या संदर्भातील सर्वांत मार्मिक प्रसंग मात्र अमेरिकेतला आहे. ओंगन्यॉनला वाटेत भेटलेला आणि तिला शिक्षणासाठी सोबत नेणारा कू वान-सॉ हा कोरियन तरुण तिच्याशी पहिल्यापासून लहान मुलाशी बोलावे तशा एकेरी क्रियारूपांत बोलत आलेला असतो. ती मोठी झाल्यावर त्याला हे खटकते. परक्या घरच्या वयात आलेल्या मुलीला आपण अजून एकेरी संबोधतो याबद्दल तो संकोचतो. आणि लग्नाचा विषय निघतो तेव्हा बोलणे इंग्रजीत होते. कोरियन क्रियापदाला आदराची पायरी टाळता येत नाही. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांच्या कात्रीत वाढलेल्या मराठी वाचकाला या अडचणीचे मर्म समजावून सांगावे लागू नये. स्त्रीपुरुषांची समता ज्या भाषेत उच्चारता येईल ती भाषा घरात नाही, असे ही कादंबरी म्हणते. आणि ज्या भाषेत ती उच्चारली जाते तीही कोणत्या तरी साम्राज्याचीच भाषा आहे. सुधारणा आणि साम्राज्य यांचे गुंतणे येथे व्याकरणापर्यंत पोहोचते. इनोऊएच्या गोळीविषयीच्या वक्तव्यापेक्षा हा प्रसंग अधिक खोल आहे, कारण येथे लेखक काही पटवून देऊ पाहत नाही.

कू वान-सॉच्या महत्त्वाकांक्षेविषयीही तेच म्हणता येईल. बिस्मार्कच्या जर्मनीप्रमाणे कोरिया, जपान आणि मंचुरिया यांचे एक संयुक्त राज्य उभारावे असे त्याचे स्वप्न आहे. १९०६ मध्ये, परराष्ट्रव्यवहार गमावलेल्या देशातील वाचकाला हे स्वप्न विकले जात होते. पण त्याच कादंबरीत सान फ्रान्सिस्कोला उतरलेल्या या दोघांना हात देतो तो चिनी सुधारक कांग यू-वेई. ज्या चीनची गोळी विषारी, त्या चीनचाच एक पराभूत सुधारक येथे उपकारकर्ता होतो. उपकार करणारे बदलतात, उपकृत मात्र तेच राहतात. स्वतःच्या बळावर एकही पाऊल न टाकणारी नायिका आणि तिच्या तोंडी स्त्रीमुक्तीचे ध्येय, हा या कादंबरीचा खरा पेच आहे.

या पेचाला दिले गेलेले दुसरे उत्तर शिन छे-हो याचे. नव्या कथेच्या रडगाण्याविषयी त्याला तिटकारा होता. राष्ट्राला अश्रू नकोत, वीर हवेत अशी त्याची धारणा. त्याने १९०७ मध्ये ल्यांग छी-छाव याच्या चिनी ग्रंथावरून इटलीच्या तीन राष्ट्रनिर्मात्यांची, म्हणजे मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि काव्हूर यांची चरित्रे कोरियनमध्ये आणली, आणि १९०८ मध्ये सातव्या शतकातील सेनापती उल्जी मुन-दॉक याचे चरित्र लिहिले. १९०७ मध्येच सावरकरांचे मराठी मॅझिनी-चरित्र प्रसिद्ध झाले, हा योगायोग सहज म्हणून सोडून देण्यासारखा नाही. आशियातील पराधीन किंवा पराधीन होऊ घातलेल्या समाजांत चरित्र हा वाङ्मयप्रकार एकाच वेळी एकाच कामाला जुंपला जात होता. परंतु शिन छे-होच्या उत्तरालाही त्याच रस्त्याची धूळ लागलेली आहे. ल्यांगचा ग्रंथ जपानी साधनांवर उभा होता. आणि उल्जी मुन-दॉकच्या चरित्रात त्या वीराच्या तत्त्वाला नाव देण्याची वेळ येते तेव्हा शिन छे-हो जो शब्द योजतो तो ‘साम्राज्यवाद’ हाच, आणि तोही अभिमानाने. १९०८ मध्ये त्याला साम्राज्याविरुद्ध उभे राहण्यासाठी साम्राज्याखेरीज दुसरी प्रतिमा सापडली नव्हती. ती सापडण्यास आणखी पंधरा वर्षे आणि निर्वासिताचे जिणे लागले; १९२३ च्या ‘कोरियन क्रांतीचा जाहीरनामा’ मध्ये वीराच्या जागी जनता आली. वीरचरित्रांतून स्त्री मात्र जवळजवळ हद्दपारच राहिली. ओंगन्यॉनच्या प्रश्नाला उल्जी मुन-दॉकजवळ उत्तर नाही.

कोरियन समीक्षेने या वारशाशी दोन प्रकारे झुंज दिली. मार्क्सवादी कवी-समीक्षक इम ह्वा याने १९४० च्या सुमारास असे मांडले की कोरियाचे नवे साहित्य हे मुख्यतः जपानमार्गे आलेल्या पाश्चात्त्य साहित्याचे कलम आहे. या मांडणीतील दाहकता, ती स्वतः वसाहतीत राहून लिहिली गेली आहे हे लक्षात घेतल्याशिवाय जाणवत नाही. १९७३ मध्ये किम युन-शिक आणि किम ह्यॉन यांनी आपल्या वाङ्मयेतिहासात आधुनिकतेचा आरंभ मागे ढकलून अठराव्या शतकात नेला आणि तिला देशी मूळ दिले. देशीयतेच्या चर्चेशी परिचित असलेल्या मराठी अभ्यासकाला ही दोन टोके अनोळखी नाहीत. पण दोन्ही मांडण्यांत उगम कोठला यावर मूल्य ठरते. कलम परके म्हणून संशयास्पद, किंवा बी देशी म्हणून निर्दोष. ‘ह्यॉलुइ नू’बद्दल यांपैकी कोणतीही मांडणी एक साधी गोष्ट सांगू शकत नाही : सुधारणेला देशी मूळ होते, ते माक-दोंगच्या तोंडून कादंबरीत आले देखील, आणि तरीही कादंबरीने त्याला कथानक दिले नाही. दोष उगमाचा नव्हता. दोष निवडीचा होता, आणि ती निवड कथनरूपाने केलेली आहे.

ही निवड पुढे कशी मुरली हे पाहण्यासाठी यी क्वांग-सूच्या ‘मुजॉंग’ (‘निर्दय’) या कादंबरीकडे यावे लागते. पहिली आधुनिक कोरियन कादंबरी म्हणून गौरवलेली ही कृती १ जानेवारी ते १४ जून १९१७ या काळात ‘मेइल शिन्बो’मध्ये प्रसिद्ध झाली. हे पत्र जपानी गव्हर्नर-जनरलच्या शासनाचे मुखपत्र होते. पूर्वसूचनेत मिश्र लिपीची घोषणा होती. प्रत्यक्षात कादंबरी शुद्ध हंगुलमध्ये आली. गद्याची सफाई, मनोव्यापारांचे सूक्ष्म टिपण, बोलीचा डौल या सर्व बाबतींत ‘ह्यॉलुइ नू’पासून अकरा वर्षांत झालेली मजल थक्क करणारी आहे. आणि या अकरा वर्षांत साम्राज्य कादंबरीतून दिसेनासे झाले आहे. येथे इनोऊए नाही, युद्ध नाही, दोन देशांच्या गोळ्यांची तुलना नाही. साम्राज्य आता पात्र राहिलेले नाही. ते रूळ, स्थानक, वेळापत्रक आणि पोलीसचौकी झाले आहे.

कादंबरीतील एक छोटा प्रसंग या बदलाचे माप देतो. गुरूची मुलगी यॉंग-छे बापाला तुरुंगातून सोडवण्यासाठी गणिका झालेली आहे. बलात्कारानंतर जीव देण्यासाठी ती आगगाडीने प्याँगयाँगला निघते. डब्याच्या खिडकीबाहेर पाहताना तिच्या डोळ्यांत कोळशाची कणी जाते. जपानी पेहरावातील एक तरुण सहप्रवासिनी तिची मदत करते. ही ब्यॉंग-उक, टोकियोत शिकणारी कोरियन मुलगी. तीच यॉंग-छेला पुढे पातिव्रत्याच्या जुन्या कल्पनेतून बाहेर काढून जगण्याकडे वळवते. गोळी आणि मलमपट्टी यांची रचना येथे जशीच्या तशी आहे. फक्त सारे सौम्य झाले आहे. गोळीच्या जागी कोळशाची कणी, लष्करी डॉक्टरच्या जागी मैत्रीण. आणि ज्या लोहमार्गावर हे घडते तो रशिया-जपान युद्धात जपानी लष्कराने स्वतःच्या सोयीसाठी बांधलेला, हे कोणालाही आठवण्याचे कारण उरलेले नाही. मात्र एक फरक निर्णायक आहे. मलमपट्टी करणारी व्यक्ती आता कोरियन स्त्री आहे, आणि ती यॉंग-छेशी तिच्याच भाषेत बोलते. उपकाराचे संबंध येथे प्रथमच मैत्रीच्या जवळ जातात. ‘मुजॉंग’मधील ही पाने आजही जिवंत वाटतात ती यामुळे.

शेवटी सगळी प्रमुख पात्रे दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत एकत्र येतात. कोणी टोकियोला, कोणी शिकागोला शिकण्यासाठी निघालेले. साम्नांगजिन येथे पुराने गाडी अडते. पूरग्रस्तांसाठी ही तरुण मंडळी स्थानकावर गाण्याबजावण्याचा कार्यक्रम करून पैसे जमवतात. परवानगी मागितली जाते ती पोलीस अधिकाऱ्याकडे, आणि तो ती आनंदाने देतो. पूरग्रस्त शेतकरी चिखलात उभे आहेत. ते एक शब्दही असा बोलत नाहीत जो कथेला वळण देईल. माक-दोंगला निदान एक भाषण मिळाले होते. नायक ह्यॉंग-शिक विचारतो, या लोकांना कसे वाचवावे. उत्तर येते, शिक्षणाने. पुराला, दारिद्र्याला, जमिनीला कोणी मालक आहे का, हा प्रश्न त्या प्रतीक्षालयात येत नाही. त्याच मुखपत्राच्या पानावर तो येणार तरी कसा, असे म्हणता येईल. पण सेन्सॉर आणि लेखक यांच्यात येथे तणाव जाणवत नाही, हीच अस्वस्थ करणारी बाब आहे. पाच वर्षांनी, १९२२ मध्ये, छॉन्दोग्योच्याच ‘केब्यॉक’ या मासिकात यी क्वांग-सूने राष्ट्राच्या पुनर्घडणीवर जो निबंध लिहिला आणि ज्याने संताप उसळला, त्यात ऱ्हासाचे कारण लोकांच्या स्वभावात शोधले होते. त्या निबंधाचे बीज साम्नांगजिनच्या स्थानकावर आहे. मधल्या १९१९ मध्ये टोकियोतील कोरियन विद्यार्थ्यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच लेखकाने लिहिला होता, आणि १९४० मध्ये जपानी नाव घेणाराही हाच. या दोन टोकांमधून सरळ रेषा काढू पाहणाऱ्या चरित्रकारांची त्रेधा उडाली आहे.

‘मुजॉंग’ मात्र तिच्या लेखकाच्या निबंधांपेक्षा शहाणी आहे. त्या रात्री भविष्याची स्वप्ने सांगताना ह्यॉंग-शिक जाहीर करतो की तो अमेरिकेत जीवशास्त्र शिकणार. ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही जीवशास्त्र म्हणजे काय हे नीट ठाऊक नाही, आणि खुद्द ह्यॉंग-शिकलाही नाही. निवेदक हे लपवत नाही. जीवशास्त्र काय हे न कळता नवी सभ्यता उभारण्याचा विडा उचलणाऱ्या या मुलांची त्याला कणव येते, आणि त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या काळाचीही. सबंध सुधारणायुगाविषयी एवढे निर्भीड वाक्य त्या युगाच्या कडव्या टीकाकारांनीही लिहिलेले नाही. आणि ते लिहून झाल्यावर काही पानांतच, शेवटच्या प्रकरणात, सोलच्या धुराड्यांचा धूर आणि हातोड्यांचा आवाज ऐकवत निवेदक वाचकाला सांगतो की देश दिवसेंदिवस पुढे चालला आहे. धुराडी कोणाची, हे तो सांगत नाही.